पार्बताबाईचं मत

पार्बताबाई भानारकरला हळू बोलता येत नसे. वर्षातले सहा महिने ती जंगलात ऐनाच्या झाडांखाली उभी राहून कोसा राखायची. कोसा म्हणजे टसर रेशमाचा कोष. त्याच्या अळ्या उघड्या झाडावर पाला खात वाढतात आणि कावळ्यापासून मुंगळ्यापर्यंत सगळ्यांना त्या हव्या असतात. पाखरं हाकलायची तर आवाज पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत पोचावा लागतो. तोच आवाज घेऊन ती जिल्ह्याच्या गावी आमच्या कार्यालयात यायची. साहेब म्हणायचे, "बाई, जरा हळू बोला, मी बहिरा नाही."

"मंग आयकून काऊन नाई राह्यले?" ती विचारायची.

मी तिथे लिपिक होतो. बैठकांचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे होतं, म्हणजे कोण काय बोललं आणि काय ठरलं ते कागदावर आणणं. हे सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझं काम एवढंच होतं आणि एवढंसुद्धा मी नीट केलं नाही.

ती वैनगंगेच्या काठच्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, धिवराच्या घरातली. नवरा गावतळ्यात जाळं टाकायचा, ही रानात. बुटकी, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला गुलेल. ती गुलेल शिपायाने एकदा दारात काढून घ्यायला पाहिली, तर म्हणाली, "इथी पाखरं नाईत हे मले मालूम हाये. पन सवय हाये." अळ्या झाडावर असल्या की ती केसांना तेल लावत नसे, परक्या माणसाला झाडाखाली येऊ देत नसे, आणि अळीला अळी म्हणत नसे, 'लेकरं' म्हणायची. कार्यालयातला चहा तिने कधी घेतला नाही. मी एकदा आग्रह केला तेव्हा म्हणाली, "नाई बाबू. चहा पेल्यावर नाई म्हनाची लाज वाटते."

त्या वेळी मी हसलो होतो.

पहिल्यांदा ती आली ती पदरात कोसे घेऊन. माझ्या टेबलावर, आवक-जावकच्या रजिस्टरवर तिने ते ओतले. बरेचसे लहान आणि दगडासारखे टणक, दोन-तीन मोठे, फुगलेले. म्हणाली, "दाबून पाय."

मी एक मोठा दाबला. अंगठा आत गेला.

"आता हा दाब."

लहान कोसा दाबला तर अंगठ्याचं नख पांढरं झालं, कोसा तसाच.

"ह्या मोठ्याले सेठ एक नंबर म्हनते अन् ह्या लहान्याले दोन नंबर. काऊन? त लहाना दिसते म्हनून. धागा कोनात हाये हे कोनी पाह्यलं का?"

खरेदीच्या वेळी कोशांची प्रत कशी ठरवायची याचा तेव्हा एकच असा नियम नव्हता. ज्या व्यापाऱ्याला जसं सोयीचं तसं. त्यावरून ओरड झाली म्हणून एक समिती नेमली गेली. त्या समितीत कोसा काढणारी एक तरी बाई असावी असं वरून लिहून आलं होतं. साहेबांनी मला विचारलं, "ती आरडाओरडा करणारी कोण रे?" त्यांना वाटलं असावं, अशी बाई बैठकीत घाबरून गप्प बसेल. बाहेर ओरडणारी माणसं खुर्चीत बसली की गप्प होतात, हा त्यांचा अनुभव होता. तो अनुभव इथे उपयोगी पडला नाही.

समितीत चार घटक होते: कोसा काढणारे, धागा काढणाऱ्या बाया, खरेदी करणारे व्यापारी आणि खात्याचे तज्ज्ञ. प्रत्येक घटकात चार-पाच, कुठे सात माणसं. पण मत माणसाला नव्हतं, घटकाला होतं. एका घटकाचं एक मत, आणि ते घटकाच्या प्रमुखाने द्यायचं. कोसा काढणाऱ्यांचे प्रमुख होते डोमाभाऊ, सोसायटीचे अध्यक्ष. वाईट माणूस नव्हता. पण साहेबांच्या समोर बसला की त्याची मान आपोआप हलायची.

व्यापाऱ्यांच्या वतीने नंदूसेठ बोलायचे. त्यांनी प्रस्ताव आणला होता 'कड्या'चा: पत्र्याला एक गोल भोक. कोसा त्यातून खाली पडला तर दुय्यम, अडकला तर उत्तम. साधं, स्वच्छ, भांडण नको. तज्ज्ञांनी माना डोलावल्या. साहेबांनी विचारलं, "घटकनिहाय मत द्या." डोमाभाऊंनी हात वर केला.

पार्बताबाई उभी राहिली.

"डोमाभाऊ, हात काऊन उचलला?"

"साहेबाइनं आखून देल्लं हाये, बाई."

"आमाले कोनी इचारलं?"

डोमाभाऊ म्हणाले, "मी प्रमुख हाव ना."

"माहा हात माह्या खांद्याले हाये," ती म्हणाली. "तुमच्या खांद्याले नाई."

मग ती साहेबांकडे वळली. म्हणाली, मत मोजायचं तर माणसाचं मोजा. सात जणांच्या तोंडात एकाची जीभ घालू नका. साहेब चिडतील असं मला वाटलं. पण नंदूसेठच मधे बोलले, "बाईंचं बरोबर आहे साहेब. लोकशाही आहे. प्रत्येकाला मत पाहिजे." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या बैठकीपासून एक सदस्य, एक मत. कड्यावरचं मतही तेव्हाच घेऊ. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर ती बोटांवर मोजत बसली होती. कोसा काढणारे सात, धाग्यावाल्या पाच, ते झाले बारा. डोमाभाऊ सोडून दिला तरी अकरा. तिकडे चार आणि चार, आठ, त्यात डोमाभाऊ टाकला तर नऊ. "अकरा अन् नऊ," ती मला म्हणाली. "जितलो बाबू. सेठ असून मानूस चांगला निंगला." तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्यांकडून नऊ पत्रं आली. समितीच्या नियमात होतं की परवानाधारक व्यापारी आपल्या कामाशी संबंधित कोणाचंही नाव सदस्य म्हणून सुचवू शकतो, साहेबांची सही झाली की झालं. घटकाला एकच मत होतं तोवर माणसं वाढवण्यात कोणाला रस नव्हता. आता प्रत्येक डोक्याला मत होतं. नऊ पत्रं, नऊ डोकी. नंदूसेठचा भाचा होता, गोदामाचा कारकून होता. सगळ्यांच्या नावापुढे 'खरेदी तज्ज्ञ'. नेमणुकीचे कागद मीच टाइप केले आणि मीच सहीला ठेवले. पार्बताबाई त्याच आठवड्यात एकदा कार्यालयात येऊन गेली. मी तिला काही सांगितलं नाही. सांगू नये असं कोणी बजावलंही नव्हतं. मला कोणी बजावावंच लागत नसे, इतका मी तयार झालो होतो.

दुसऱ्या बैठकीला ती शकुनला घेऊन आली. शकुन धागा काढणाऱ्यांच्या घटकातली, पार्बताबाईपेक्षा वयाने लहान, कमी बोलणारी. तिच्या हातात लाकडी चरखी होती आणि डब्यात उकडलेले कोसे. पार्बताबाईने कड्याचा पत्रा मागून घेतला. सगळ्यांसमोर एक मोठा कोसा त्यात टाकला, तो अडकला. लहान टाकला, तो टपकन खाली पडला. "आता पाहा," ती म्हणाली. शकुन बैठकीच्या खोलीतच जमिनीवर बसली, दोन्ही कोशांचा धागा एकामागून एक चरखीवर घेतला, आणि फेरे मोठ्याने मोजले. मोठ्या कोशाचा धागा मधेच तुटला, जोडला, पुन्हा तुटला आणि संपला. लहान्याचा येतच राहिला. शकुन मोजत होती. मोठ्याचे फेरे कधीच मागे पडले होते. शेवटी साहेब म्हणाले, "पुरे, कळलं."

तज्ज्ञांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"मंग आनखी काढून दाखोते," शकुन म्हणाली. त्या दिवशी फेरे मोजण्यापलीकडे ती बोलली ते तेवढंच. डब्यात पुष्कळ कोसे होते. कोणी दाखव म्हणालं नाही.

मत घेतलं. अकरा विरुद्ध अठरा.

पार्बताबाईने ते अठरा हात बसल्या जागेवरून एकेक करून पाहिले. मागच्या रांगेतल्या एका तरुणापाशी थांबली. तो नंदूसेठचा ड्रायव्हर होता. मला माहीत होतं, कारण सकाळी त्यानेच गाडी लावताना मला सायकल बाजूला घ्यायला सांगितली होती.

"बापू," ती त्याला म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खरंच हळू होता, "तू कधी कोसा हातात धरला का?"

त्याने मान खाली घातली. हात मात्र वरच राहिला.

साहेब म्हणाले, "बाई, हा नियम तुम्हीच मागितला होता."

लोक हसले. ते हसणं आठवलं की अजून माझं डोकं तापतं. एका बाईने सरळ मनाने एक गोष्ट मागितली, ती तिच्या हातात दिली, आणि तिच्याच हाताने तिला मारलं. वर हसले. तज्ज्ञ हसले, ज्यांनी नुकताच तो धागा डोळ्यांनी पाहिला होता. मीही हसलो का? बहुतेक तोंड वाकडं केलं असेन. साहेब हसले की आम्ही करायचो तसं.

निर्णय पक्का व्हायला अजून एक बैठक लागणार होती. मंजूर झालेला मसुदा पुढच्या बैठकीत कायम करायचा असा नियम होता. ती माझ्या टेबलाशी आली. रडेल असं वाटलं, पण तिने विचारलं, "बाबू, मेंबर कसा व्हाचं?"

मी तिला सांगितलं. खात्यात नाव नोंदलेला कोणीही कोसा काढणारा अर्ज करू शकतो. व्यापाऱ्यांना जशी मुभा, तशी यांनाही होती, फक्त आजवर कोणी वापरली नव्हती. अर्जाचा नमुना तिला दिला, सायक्लोस्टाइलच्या जुन्या गठ्ठ्यातून. या सगळ्या प्रकरणात मी केलेलं एकुलतं एक बरं काम ते.

महिनाभर ती टोल्याटोल्यांतून फिरली. बत्तीस अर्ज आले, निम्म्यांवर अंगठे. मी प्रत्येकावर आवक शिक्का मारला. साहेबांच्या टेबलावर गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही, सह्या करून टाकल्या. बत्तीस माणसं रानातून उठून जिल्ह्याच्या गावी येतील यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आल्या. धानाची रोवणी चालू होती, तरी रोजी सोडून आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून, पायांना चिखल तसाच. काही पुरुष होते, बाकी बायाच. खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पार्बताबाई त्यांच्या पुढे. तिने सकाळीच मोजून ठेवलं होतं.

साहेबांनी खिडकीतून ट्रॉली पाहिली होती. नंदूसेठ आणि तज्ज्ञ गृहस्थ यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. बाहेर आले ते कागद हातात घेऊन. "सदस्यसंख्या फार वाढल्यामुळे," त्यांनी वाचलं, "वैयक्तिक मतदान व्यवहार्य राहिलेलं नाही. समितीच्या मूळ पद्धतीप्रमाणे आज घटकनिहाय मत घेण्यात येईल."

पार्बताबाई म्हणाली, "काल मानसं मोजत होते ना जी? आज काऊन नाई?"

"कारण सांगितलं, बाई."

"अठरा होते तवा मोजता आले. आता मोजता नाई येत?"

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. डोमाभाऊंकडे पाहिलं. "प्रमुख, मत द्या."

डोमाभाऊ उठले. हात उचलायची सवय त्यांच्या अंगात होती, खांदा थोडा हललाही. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या वहिनी होत्या त्यात, शेजारणी होत्या, पायांवर वाळलेला चिखल होता. हात खालीच राहिला. ते म्हणाले, "साहेब, आमचा घटक इरोधात हाये."

इतकी वर्षं मान हलवणाऱ्या माणसाला ते वाक्य बोलताना किती कष्ट पडले ते मी पाहिलं. पार्बताबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

कोसा काढणारे विरोधात, धाग्यावाल्या विरोधात. व्यापारी आणि तज्ज्ञ बाजूने. दोन-दोन. साहेबांनी समितीचे अध्यक्ष म्हणून आपलं निर्णायक मत वापरलं आणि कडं मंजूर झालं. सगळं पाच मिनिटांत. बाया उभ्याच होत्या. त्यांना झालं काय हे कळायच्या आत शिपाई पंखे बंद करू लागला.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून इतिवृत्ताचा शेवट सांगितला: "सविस्तर चर्चेअंती प्रस्ताव सर्वानुमते मंजूर करण्यात आला." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "वर कशाला भानगड? लिही." मी लिहिलं.

चार दिवसांनी पार्बताबाई आली. तिला अक्षरं लावून लावून वाचता येत होतं, पण सरकारी मराठी येत नव्हतं. तिने तिला मिळालेली इतिवृत्ताची प्रत माझ्यापुढे ठेवली. "वाच."

मी वाचलं. शेवटच्या ओळीवर तिने मला थांबवलं.

"सर्वानुमते म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांच्या मताने."

"सप्पाइच्या?"

"हो."

"मी तिथी होती का नवती?"

"होतात, बाई."

"मंग सप्पाइत मी नाई का?"

मी म्हणालो, साहेब सांगतात तसं आम्ही लिहितो.

"हे अक्षर कोनाचं?"

"माझं."

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग बोलली. आवाज रानातला होता, सगळ्या कार्यालयाला ऐकू गेला. "हारलो त हारलो असं लिवा ना जी. हारल्याची मले लाज नाई. पन मी हो म्हनलं असं काऊन लिवलं? मी हो नाई म्हनलं. ह्या बत्तीस झनाइनं हो नाई म्हनलं. डोमाभाऊनं जिंदगीत पयल्यांदा नाई म्हनलं, तेबी तू पुसून टाकलं."

कोणी वर पाहिलं नाही. मी कागदाची घडी घातली आणि तिच्याकडे सरकवली.

त्यानंतर ती दर सोमवारी यायची. बाकावर बसायची, मी समोरून गेलो की एकच विचारायची, "सुदारलं का?" मी म्हणायचो, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत. असे किती सोमवार गेले ते मी मोजले नाहीत. मग झाडावर अळ्या आल्या आणि ती रानात गेली. पुन्हा कार्यालयात आली नाही.

कड्याचं काय झालं ते सांगायला हवं. कडं लागू झालं. खरेदी केंद्रावर अजून तोच पत्रा आहे, कड घासून भोक थोडं मोठं झालं आहे, म्हणजे आता अजून जास्त कोसे खाली पडतात. पार्बताबाईने त्या केंद्रावर एकही कोसा दिला नाही. ती आणि शकुन आणि आठ-दहा बाया मिळून स्वतःच धागा काढायला लागल्या. फार भरभराट झाली असं नाही. बाकी गाव केंद्रावरच जातं, जाणार कुठे? डोमाभाऊंची अध्यक्षपदाची मुदत संपली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

साहेबांची बदली झाल्यावर मी एक टिप्पणी तयार केली. लिहिलं की अमुक बैठकीच्या इतिवृत्तात चूक आहे, दोन घटकांचा विरोध नोंदवायचा राहिला आहे, दुरुस्ती व्हावी. 'राहिला आहे' असं लिहिलं. 'मी लिहिला नाही' असं लिहायची हिंमत तेव्हाही नव्हती. नव्या साहेबांनी वाचलं, वर 'नस्तीबद्ध करावे' असा शेरा मारला, आणि ती फाइल कपाटात गेली. ही गोष्ट मी पार्बताबाईला कळवली नाही. कळवून काय सांगणार होतो?

तिला शेवटचं पाहिलं ते एटापल्लीहून परतताना. कार्यालयाच्या कामाने गेलो होतो. परतीची बस अर्धी रिकामी होती. जंगलातल्या एका फाट्यावर पाच-सहा बाया उभ्या दिसल्या, डोक्यावर कोशांच्या टोपल्या. त्या भागातल्या माडिया बायांकडून कोसा घेऊन त्या परत निघाल्या असाव्यात. बस थांबायच्या आधीच मला तिचा आवाज ऐकू आला. कंडक्टर टोपल्यांवरून कुरकुरत होता आणि ती त्याला सांगत होती की टोपल्या मांडीवर घेऊ, तुझी जागा अडत नाही. केस पांढरे झाले होते. कंडक्टरने हार मानली. बाया चढू लागल्या. ती सगळ्यात आधी चढली, टोपली सावरत आत आली, आणि रिकाम्या जागा शोधताना तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या शेजारची जागा मोकळी होती. मी खिडकीकडे सरकलो.

तिने ओळखलं. चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती मला नुसती पाहत होती, एखादा कागद वाचावा तशी, अक्षर लावून लावून. मग मागे वळली आणि शकुनला म्हणाली, "उतरा. फुडच्या गाडीनं जाऊ."

"काऊन वो?" शकुनने विचारलं.

"उतरा म्हनते ना."

एकेक करून सगळ्या उतरल्या. कंडक्टर वैतागला, त्याने घंटी मारली. बस सुटली तेव्हा त्या फाट्यावर टोपल्या खाली ठेवून झाडाखाली बसत होत्या, आणि ती उभी होती, रस्त्याकडे पाठ करून. दुपारचा एक वाजला होता. त्या रस्त्याला पुढची बस संध्याकाळी होती. हे मला माहीत होतं, आणि तिलाही.